मोठ्या झालेल्या स्वमग्न मुलांनी कुठे जायचे?

संपादक महोदय,

लहान स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी ठाणे-नवी मुंबईत आता बऱ्यापैकी थेरपी केंद्रे आहेत. पण मूल सोळा-सतराचे झाले की वाटा आटत जातात. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट असलेली स्वमग्नता काही वयाबरोबर संपत नाही.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. तो हात हलवतो, नजरेला नजर देत नाही, तर अजूनही ‘हे आधी बंद करा’ असेच सांगितले जाते. अहो, हात हलवून तो स्वतःला सावरत असतो! ते दाबले की अस्वस्थता वाढते, माणसांची भीतीही. त्याला हवी आहे ट्रान्स-हार्बर लोकलच्या गोंगाटात कान झाकायची मुभा, तो टाइप करून सांगतो ते शांतपणे वाचणारा समुपदेशक आणि त्याच्यासारख्याच तरुणांची सोबत. या वयात चिंता, नैराश्य अनेकांना गाठते. ‘ऑटिझमच आहे ना’ म्हणून त्यावर उपचारच होत नाहीत, याचा मला फार त्रास होतो.

दोन्ही महापालिकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ तरी प्रौढांसाठी समुपदेशन आणि गटभेट सुरू करावी. त्याची आखणी करताना केवळ आम्हा पालकांना नव्हे, स्वमग्न प्रौढांनाही विचारावे.

— एक आई, ऐरोली