बाबा, मी 120 ची वाट पाहिली नाही

लेस्टर,
शुक्रवार, 28 नोव्हेंबर 2025

ती. आई आणि ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आई "जेवलीस का" विचारते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहितेय. चहा घेऊन बसा. आधी बाबांनी वाचा, मग आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका, मी आल्यावर तिला विचारणार आहे.

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सोमवारी, 15 डिसेंबरला, पुण्यात ठरवलं आहे. विचारत नाहीये, कळवतेय. पौंड 120 रुपये होईपर्यंत थांबू, हे तुमचं मी ऐकलं नाही. डॉक्टर तेच, ज्यांनी सप्टेंबरमध्ये एक्स-रे उजेडात धरून "आणखी किती दिवस कळा काढणार, आजी?" असं म्हटलं होतं. आगाऊ रक्कम भरली आहे. बाकीचे पैसे मंगळवारी बाबांच्या इथल्या खात्यातून पाठवले. 4,000 पौंड, 117 रुपये 10 पैशांनी. म्हणजे 4 लाख 68 हजार 400. बँकेचा मेसेज आला असेल. तो फ्रॉड नाही, ती मी आहे.

आता रागवा, बाबा. खात्यावर सहीचा अधिकार तुम्हीच मला दिलात, "माझं काही बरंवाईट झालं तर" म्हणून. बरंवाईट व्हायच्या आधीच वापरला, एवढाच काय तो गुन्हा.

आणि लपवत नाही, माझी घाई नडलीच. बुधवारी इथे बजेट होतं. 2022 च्या सप्टेंबरमधलं ते छोटं बजेट आठवतंय ना, पौंड डॉलरला 1.03 वर आपटला होता आणि तुम्ही रात्री दोनला उठून टीव्ही लावला होता? तसंच काही झालं तर, या भीतीने मी मंगळवारीच उरकून टाकलं. बजेट झालं आणि पौंड चढला. काल 117.90 होता. 80 पैसे गुणिले 4,000. तुम्ही हिशोब केलाच असेल, तरी लिहिते: 3,200 रुपये. एवढ्यात आईचा वॉकर येतो. तो मी माझ्या पैशाने घेईन, म्हणजे फिट्टंफाट.

पण 80 पैशांसाठी तुम्ही दिवाळीपासून तिला थांबवून ठेवलंत. तुम्ही म्हणाल, मी नाही थांबवलं, तीच म्हणाली घाई नाही. ती तसंच म्हणणार. तिने आयुष्यात कधी स्वतःच्या कशाची घाई केली? मे महिन्यात मी आले तेव्हा घाटाच्या वरच्याच पायरीवर बसून तिने ढोल्या गणपतीला हात जोडले. "इथून दिसतो की, एवढा मोठा आहे," म्हणाली. मी हसले. तुम्हीही हसलात. बाबा, ती बाई नाइट ड्युटीत सबंध वॉर्ड पायाखाली घालायची.

स्वयंपाकघरातलं कालनिर्णय माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. प्रत्येक चौकोनात खाली आईचं दूध, "1" किंवा "दीड", पाहुणे आले की "2". आणि वर कोपऱ्यात तुमच्या पेन्सिलीने त्या दिवशीचा पौंडाचा भाव, दोन दशांश स्थळांपर्यंत. भाव पडला की खालचं दूधही कमी होतं, हे तुमच्या लक्षात आलंय का? मी मे महिन्यात मागची पानं चाळली. पौंड दोन रुपयांनी खाली गेला तो आठवडाभर सगळ्या चौकोनांत "1" आहे. मी आईला विचारलं तर म्हणाली, "छे गं, कोणी पीत नाही."

2016 ला तर कळस झाला होता. ब्रेक्झिटच्या सार्वमताच्या आधी पौंड 100 च्या घरात होता, ऑक्टोबरात 82 वर आला. तुम्ही एक पेपर बंद केलात, खोलीतला एसी बंद केलात आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन "जरा सावरू दे" म्हणून पुढे ढकललंत. सावरायला किती महिने गेले ते तुमच्याच पेन्सिलीने लिहिलेलं आहे. तोवर ती तांदूळ बोटांनी चाचपून निवडत होती.

तेव्हा मी काही बोलले नाही. मला वाटलं, बाबांना यातलं कळतं.

आता थोडं मला कळतं असं समजा. तुम्ही म्हणता, "बघ बेबी, पौंड 117 झाला, आपण बरे आहोत." बाबा, पौंड कुठे चढलाय? सार्वमताच्या रात्री तो डॉलरला 1.50 होता, आज 1.32 आहे. खाली बसलाय तो रुपया. डॉलर 89 च्या वर गेलाय. आणि रुपया बसला की निम्म्याहून जास्त बाहेरून येणारं खाद्यतेल महागतं, पेट्रोल महागतं. पुण्याला जायच्या गाडीचं भाडं वाढलं म्हणून तुम्हीच परवा कुरकुरत होतात. या खिशात आलेलं त्या खिशातून जातं. चौकोनात फक्त आलेलं लिहिलं जातं, म्हणून बरं वाटतं.

शिवाय गुगलवर दिसतो तो भाव आपल्याला मिळतच नाही. तुमची बँक त्यातून रुपया-दीड रुपया आधीच कापते आणि वर पाठवणावळ घेते. 50 पैसे वाढायची तुम्ही तीन आठवडे वाट बघता आणि त्याच्या दुप्पट काउंटरवर ठेवून येता. मी या वेळी दुसरीकडून पाठवले, त्यांचा कट पैशांत होता. ते कसं करायचं ते मी आल्यावर दाखवीन. नाही जमलं तर मी इथून करीन.

खरं दुखणं भावात नाहीच, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. तुमचं इथलं सरकारी बेसिक पेन्शन ऑक्टोबर 2010 मध्ये विमानात बसलात त्या दिवशी गोठलं, म्हणजे दरवर्षीची वाढ थांबली. आठवड्याला 97 पौंड 65 पेन्स. तेव्हा पौंड 70 च्या आसपास, म्हणजे साधारण 6,800 रुपये. आज 11,400. आणि पोळ्यांच्या मावशी तेव्हा 800 घ्यायच्या, आता 3,000 घेतात, तेही अर्धी सुट्टी धरून. इथे बेलग्रेव्हला राहिलेले तुमचे कारखान्यातले मित्र तेवढीच वर्षं भरून या एप्रिलपासून 176 पौंड 45 पेन्स घेतात. परवाच्या बजेटात पुढच्या एप्रिलची 4.8 टक्के वाढही पक्की झाली. आपल्याला शून्य. अमेरिकेला गेला असतात तर वाढ मिळाली असती, फिलिपिन्सला गेला असतात तरी मिळाली असती. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, यांना नाही. याविरुद्ध स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टात तेरा जण गेले होते आणि मार्च 2010 मध्ये हरले, त्याचं कात्रण तुम्ही पासपोर्टच्या पाकिटात घालूनच गेलात. हे सगळं माहीत असून गेलात. वाईला जायचं होतं म्हणून गेलात.

आणि मी तुम्हाला जाऊ दिलं. हे इतकी वर्षं लिहायचं होतं. "रुपयांत राजासारखे राहाल," असं मीच म्हटलं होतं, एव्हिंग्टनच्या घराचं लिलावाच्या चिठ्ठ्या लावलेलं सामान बघत. माझ्या घरासाठी तुम्ही दिलेल्या त्या तीस हजार पौंडांबद्दल मी बोलत नाही, बोललं की बाबा उठून जातात. पण ते माझ्या घराच्या भिंतींत आहेत आणि तुमच्या दुधाच्या चौकोनात नाहीत, हे मला दिसतं. म्हणून यापुढे पाच तारखेला तुमच्या खात्यातून 500 पौंड जातील, भाव काहीही असो. पडला तर कमी रुपये येतील, चढला तर जास्त, वर्षाअखेर सरासरी पडते. कमी येतील त्या महिन्यात वरची भर मी घालीन. याला उपकार म्हणायचं नाही. आईचं एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यातल्या नोकरीचं पेन्शन तर दर एप्रिलला वाढतंच, त्याला हातही न लावता ती ते माझ्या मुलांच्या नावाने साठवतेय. मुलं कमावती झालीत, आई. ते पैसे गुडघ्यांवर खर्च कर.

तुम्ही म्हणाल, पोरगी फार शहाणी झाली. नाही झाले. लहानपणी तुम्ही दोघं इकडे आणि मी आजीकडे, तेव्हा तिच्या घरी तुमचं पाकीट यायचं ना, लाल-निळ्या कडांचं, त्यात तुम्ही एकदा एक पौंडाची नोट घातली होती. राणीचं चित्र असलेली. शाळेत नेऊन मी सगळ्यांना सांगितलं होतं, ही आमच्या आईची बाई, हिच्याकडे आई कामाला असते. बाईंनी नोट काढून घेतली आणि आजीला बोलावणं गेलं. आजी मला रागावली नाही. घरी येताना म्हणाली, "खरंच आहे की, दुसरं काय!"

आणि एक वर्ष पाकिटं तीच पण रुपये कमी यायला लागले. आजी म्हणायची, "यंदा पौंड आटला." मला वाटायचं दुधासारखा आटतो. खूप नंतर कळलं, ते 1976 होतं, ब्रिटन नाणेनिधीकडे हात पसरत होतं आणि पौंड 18 वरून 15 च्या घरात येत होता. त्या हिवाळ्यात माझी फी आणि आजीचं औषध अडू नये म्हणून आईने आठवड्याला एक जादा नाइट घेतली. हे मला आईने नाही सांगितलं. धाकट्या आत्याने सांगितलं, मी चाळीस वर्षांची झाल्यावर. आई, तू तेव्हा भाव सावरायची वाट बघितली नाहीस.

असो. रडारड पुरे, आता नीट ऐका.

मी शुक्रवारी 12 ला पहाटे मुंबईत उतरते, दुपारपर्यंत वाईला. तीन आठवड्यांची रजा आहे, ऑफिसने काही कटकट केली नाही, विचारू नका. रविवारी सकाळी लवकर निघायचं, खंबाटकीत गर्दी व्हायच्या आत. मार्गशीर्षातला गुरुवार मुद्दाम टाळलाय, आई. शेवटच्या गुरुवारी 18 ला तू हॉस्पिटलमध्ये असशील, तर उद्यापन आत्या करेल. तिच्याशी बोलले आहे, तिने नारळाचाही हिशोब मला पाठवला. देवीची हरकत नसेल, आत्याची तर अजिबात नाही.

रक्त पातळ व्हायची गोळी कधी बंद करायची ते डॉक्टर सांगतील, तू आपणहून करू नकोस. बीपीची मात्र एकही चुकवायची नाही. बाबा, तुमचीसुद्धा. दाढीच्या सामानात लपवलेली पट्टी मला माहीत आहे.

बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घ्या, मी यायच्या आत. प्लंबर "उद्या येतो" म्हणाला तर दुसरा बघा. पलंगाखाली विटा लावून उंची वाढवायची आहे, ते आल्यावर करू. पायपुसणी सगळी गुंडाळून माळ्यावर.

पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा फॉर्म आलाय का ते टपालाच्या ढिगात बघा. तो राहिला तर 97 पौंडही थांबतील, आणि मग 120 झाला काय नि 200 झाला काय. साक्षीदाराची सही घेऊन ठेवा, मी इथे आणून पोस्टात टाकते. आणि "तुमचं गोठलेलं पेन्शन सोडवून देतो" म्हणून कोणाचा फोन आला तर ठेवून द्या. गोड बोलतात. तुम्हाला गोड बोलणाऱ्यांशी वाद घालायला आवडतं, हे त्यांना माहीत असतं.

भाव लिहायचं बंद करा असं मी म्हणत नाही. सकाळी चष्मा पुसून, पेन्सिलीला टोक काढून तुम्ही तो चौकोन भरता तेव्हा घरात कसं शांत वाटतं, ते मलाही हवं आहे. फक्त 25 तारखेच्या चौकोनात 117.10 लिहा आणि पुढे कंसात "बेबी". उद्या 120 झाला तर तोही लिहा आणि मला फोन करून चिडवा, मी ऐकून घेईन.

येताना काही आणू का? आईसाठी ते मऊ मोजे घेतलेत. बाबांचा मुरांबा नाही आणणार, साखर बघा आधी किती आहे.

आई, माळ्यावर माझी जुनी गोधडी आहे, आजीने शिवलेली. ती एकदा उन्हात घालून ठेव. नको, तू नको चढूस. बाबांना सांग. नाही, बाबांनीही चढायचं नाही. शेजारच्या काकूंच्या मुलाला सांगा.

तुमची,
बेबी