गाडीतल्या मावशींना

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, ही तुमची अट पाळते आहे. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते, कारण तुम्ही जे केलंत ते आणखी चार घरांना कळायला हवं.

माझा भाऊ 27 वर्षांचा. ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता. स्वतःची वाक्यं तो फारशी जुळवत नाही. ऐकलेली उचलतो आणि बोलणाऱ्याच्याच सुरात परत म्हणतो. जाहिराती, रेल्वेच्या घोषणा, आईचं रागावणं. घरात आम्ही त्याला लाडाने 'रेडिओ' म्हणायचो. रेडिओ चालू असला तरी आपण आपलं काम करत राहतो. आम्हीही तेच केलं.

तो अंघोळीला नको म्हणू लागला. कित्येक वर्षांनी अंथरूण ओलं होऊ लागलं. स्वतःचं मनगट चावायचा. डॉक्टरांनी डोस वाढवला, आम्ही मान डोलावली: त्याच्या स्थितीचाच भाग असणार. एकदा निदानाचा शिक्का बसला की पुढचं प्रत्येक दुखणं त्याच खात्यावर जमा होतं. याच्यावर कोण कशाला हात उचलेल, असंही वाटायचं. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा मी फार उशिरा वाचला. त्यात अपंग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या 3.7 पट आहे. आकडा मुलांचा आहे, पण आमचा भाबडेपणा उतरायला पुरेसा.

त्याला अपंगांच्या केंद्रात नेणाऱ्या गाडीत तुम्ही कामाला होतात, रोज त्याच्या शेजारी बसायचात. केंद्राचं फाटक आलं की तो जाड, पुरुषी आवाजात म्हणायचा, "हात खाली. रडलास तर आणखी बसेल." एक ठरावीक कर्मचारी रजेवर असला की ते वाक्य यायचंच नाही, उलट हसत उतरायचा. तुम्ही आम्हाला विचारलंत, "ताई, हे शब्द त्याचे नाहीत. मग कोणाचे?"

मावशी, सहा महिने ते वाक्य घरातही ऐकू येत होतं. आम्हाला वाटलं, टीव्हीवरचं असेल.

तुमच्या वहीत तारीख, वेळ आणि तो बोललेले शब्द जसेच्या तसे होते. अंगावरच्या खुणाही. "पडला तर गुडघा फुटेल, कोपर फुटेल," तुम्ही म्हणालात, "दंडाच्या आतून ओळीने चार बोटं कशी उठतील?"

मी काय केलं? घाईघाईने त्याला विचारलं, "त्यांनी मारलं?" तो म्हणाला, "त्यांनी मारलं." मला वाटलं, झालं, पुरावा मिळाला. तुम्ही मला बाजूला घेतलंत. "आता 'आईने मारलं?' विचारा. तो 'आईने मारलं' म्हणेल. त्याच्या तोंडात शब्द घालू नका, उद्या त्याचं खरंही खोटं ठरेल." त्यानंतर आम्ही त्याला एकही प्रश्न विचारला नाही. तो आपणहून जे बोलेल ते फक्त लिहीत गेलो. त्याचा जबाब पुढे अशा लोकांशी बोलायची सवय असलेल्या बाईंनी चित्रांवरून घेतला. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, ती अजून टोचते. बोट ठेवून सांगायच्या त्याच्या चित्रांच्या वहीत फळं होती, गाड्या होत्या, शौचालय होतं. 'मारलं' नव्हतं, 'दुखतं' नव्हतं, शरीराच्या झाकलेल्या भागांची चित्रं नव्हती. ती वही आम्हीच बनवली होती, मोठ्या हौसेने.

बाबा त्या माणसाला जाब विचारायला निघाले होते. त्यांनाही तुम्हीच थांबवलंत. आधी भावाला केंद्रात पाठवणं बंद, मग वैद्यकीय तपासणी आणि फोटो, कपडे न धुता ठेवणं, त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार. संस्थेतून 'घरातल्या घरात मिटवू, बदनामी नको' असा निरोप आला. बदनामी कोणाची, हे काही त्यांनी सांगितलं नाही. साक्षीदार म्हणून तुम्ही सही केलीत. आधी तुमची गाडी बदलली, मग कामच गेलं. ते आम्हाला भरून देता आलेलं नाही.

2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, कलम 16 मध्ये, अत्याचार कसा टाळायचा, ओळखायचा आणि कळवायचा याची माहिती अपंग व्यक्तींना, त्यांच्या कुटुंबांना आणि सांभाळणाऱ्यांना द्यावी असं आहे. अपंगांसाठीच्या संस्थांवर स्वतंत्र यंत्रणेची देखरेख असावी, असंही. आम्हाला ती माहिती कोणी दिली नव्हती. तुम्हालाही नाही. मग तुम्ही कुठे शिकलात, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "माझा पुतण्या असाच होता." त्या 'होता'पुढे विचारायची हिंमत झाली नाही.

खटला चालू आहे. ते वाक्य अजूनही कधी कधी येतं; आता आम्ही हातातलं काम सोडतो आणि तारीख लिहितो. चित्रांच्या वहीत नवी पानं घातली आहेत. परवा मी घाईत त्याचे केस विंचरत होते. त्याने वही ओढली आणि 'दुखतं'वर बोट ठेवलं. मी कंगवा खाली ठेवला.

तुमची,
त्याची ताई