मिल्यास पत्र: 'द प्रोसेस ऑफ बिलीफ' ऐकलास का?

प्रिय मिल्या,

पत्र पोचलं. सासूबाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. वहिनींना सांग, महिनाभर त्यांना जिने चढू देऊ नका म्हणावं.

आता मुद्द्याचं, म्हणजे बॅड रिलिजन या अमेरिकन पंक बँडचं. 'बॅड रिलिजन ९४ सालीच संपला, पुढे नुसती पाटी राहिली' असं तू लिहिलंयस. गिटारवाला ब्रेट गुरेविट्झ बँड सोडून गेला आणि बँडमधला जीव गेला, हे मलाही बरंचसं मान्य आहे. त्याच्या 'एपिटाफ' या रेकॉर्ड कंपनीने त्याच वर्षी ऑफस्प्रिंग या बँडचा 'स्मॅश' हा अल्बम काढला, तो लाखोंनी खपला, आणि त्याचा स्वतःचा बँड मात्र 'अटलांटिक'सारख्या बड्या कंपनीच्या दावणीला. पुढचे तीन अल्बम त्याच्याशिवाय झाले. त्यातला 'द ग्रे रेस' मला आवडतो, उरलेल्या दोघांसाठी मी तुझ्याशी भांडणार नाही. पण तू तिथेच कान मिटलेस आणि २००२ चा 'द प्रोसेस ऑफ बिलीफ' ऐकलाच नाहीस, याला काय म्हणायचं?

त्या जानेवारीत तो आला, तोवर बँड पुन्हा एपिटाफवर आला होता आणि ब्रेटही परतला होता. बॉबी शायरला खांद्याच्या दुखण्यामुळे ड्रम सोडावे लागले होते, त्याच्या जागी ब्रुक्स वॅकरमन नावाचा तरुण पोरगा. १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या शाळकरी पोरांनी काढलेला हा बँड, आता हा पोरगा सोडला तर सगळे चाळिशीला टेकलेले. या वयात बँड काय करतात? संथ होतात, व्हायोलिनं घालतात, मुलाखतींत 'परिपक्वता' म्हणतात. (यांनी हा उद्योग फार लवकर उरकून घेतला म्हणा. १९८३ चा तो कीबोर्डवाला 'इंटू द अननोन' आठवतोय ना? सपशेल आपटला होता.) इथे मात्र पहिली तीन गाणी मिळून पाच मिनिटंही भरत नाहीत. 'सुपरसॉनिक' संपतं न संपतं तोच 'प्रूव्ह इट', आणि ते कळायच्या आत 'कान्ट स्टॉप इट'.

मला विचारशील तर हा वेग चढाओढीतून आलाय. गायक ग्रेग ग्रॅफिन आणि ब्रेट, दोघेही गाणी लिहिणारे. एकाने बरं गाणं आणलं की दुसऱ्याला रात्री झोप लागत नसणार. ब्रेट नव्हता त्या वर्षांत ग्रेगला 'हे नाही जमलं' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, आणि ते ऐकू येतं. ग्रेग तेव्हा कॉर्नेलमध्ये पीएच.डी. करत होता, उत्क्रांतीचे अभ्यासक देव मानतात का यावर. २००३ मध्ये ती मिळाली. त्यामुळे त्याची गाणी ऐकताना शब्दकोश जवळ लागतो. ब्रेटचा हात गोष्ट सांगण्याचा.

त्याचं 'सॉरो' घे. सुरुवातीला गिटार रेगेच्या चालीने तुटक तुटक वाजते, गाणं नुसतं दबा धरून बसल्यासारखं, आणि मग सगळे एकदम तुटून पडतात. विषय बायबलमधल्या ईयोबाचा. पैज लागते देव आणि सैतानात, भोग वाट्याला येतात एका सज्जन माणसाच्या. ध्रुपदात दुःख संपण्याचं आश्वासन आहे. पण कधी? सगळे सैनिक शस्त्रं खाली ठेवतील तेव्हा, राजे-राण्या मुकुट उतरवतील तेव्हा. अटी ऐकल्या की आश्वासनाची किंमत कळते, आणि चाल इतकी गोड की तरीही विश्वास ठेवावासा वाटतो. बँडचं चिन्ह म्हणजे क्रूसावर मारलेली काट, आणि त्यांचं सगळ्यांत आत जाणारं गाणं निघालं प्रार्थनेच्या सुरातलं! मागून येणारे ते 'आऽऽ' तर बुवांनी ओळ सोडावी आणि टाळकऱ्यांनी वरच्यावर झेलावी, अगदी तसे.

'क्योटो नाऊ!' खरं तर शिळं व्हायला हवं होतं. हवामानबदलाविरुद्धचा क्योटो करार १९९७ चा, २००१ मध्ये बुश सरकारने त्यातून अंग काढून घेतलं, आणि वर्षाच्या आत यांचं गाणं हजर. अशी गाणी सहसा जुन्या पेपरबरोबर रद्दीत जातात. हे गेलं नाही, कारण ओरडण्यात चाल हरवलेली नाही. 'यू डोन्ट बिलाँग' तुला आवडेलच. 'एपिफनी' मात्र मला कंटाळवाणं वाटतं, आणि शेवटाकडे अल्बम थोडा ढेपाळतो हेही खरं.

हेडफोन लावून ऐक. ब्रेट, ब्रायन बेकर आणि ग्रेग हेट्सन असे तीन-तीन गिटारवाले आहेत, मोबाइलच्या स्पीकरवर त्यांचा नुसता चिखल होतो. आणि दौऱ्याचे व्हिडिओ बघून 'कुठाय तुझा ब्रेट?' असं विचारू नकोस. तो कंपनी सांभाळतो, दौऱ्यावर फारसा जात नाही. अल्बमच ऐक. चौदा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खलास. शिव्या घालायच्या तर खुशाल घाल, पण कुठल्या गाण्याला ते नाव घेऊन घाल.

काकूंना नमस्कार. दिवाळीत येतोयस का ते लवकर कळव, तिकिटं नंतर मिळत नाहीत.

तुझा,
सुध्या