खाणीच्या नकाशाला आयएसबीएन नसतो : उच्चशिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्चशिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

खाण अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला की ग्रंथखरेदीला मंजुरी मिळते आणि मागोमाग अट येते : इतकी शीर्षके, इतक्या प्रती, आवृत्ती अलीकडचीच. आर्थिक वर्ष सरत आलेले असते. मग वितरकाच्या यादीत जे असेल त्याने कपाटे भरतात. मी ग्रंथपाल आहे. अशी कपाटे मीही भरली आहेत.

पण या शाखेचे खरे साहित्य त्या यादीत नसतेच; खाणीच्या नकाशाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकांना मिळणारा ओळखक्रमांक, नसतो. २००२ साली पेनसिल्वेनियातल्या क्वीक्रीक खाणीत खोदताखोदता शेजारच्या बंद खाणीची भिंत फुटली आणि तिथले साठलेले पाणी आत घुसले. हाताशी असलेल्या नकाशात बंद खाणीचे शेवटचे खोदकाम नव्हतेच. नऊ जण तीन दिवसांहून अधिक काळ अडकले. वरून भोक पाडून सगळ्यांना जिवंत काढले, हे नशीब.

आमच्याकडेही एक जुना नकाशा आहे. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर विरलेला, कडेला लाल पेन्सिलीने ‘पाणी’ लिहिलेला. दाखल नोंदवहीत लेखक, प्रकाशक, किंमत असे रकाने. किंमत काय लिहू? शेवटी ‘भेट’ लिहून मोकळा झालो.

जुन्या नियतकालिकांचेही तेच. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत कोलब्रूकच्या खाणीत छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब कोसळून ४३५ माणसे गेली. त्यानंतर सालामन आणि मन्रो यांनी टिकलेल्या ९८ आणि ढासळलेल्या २७ खांबरचना तपासून १९६७ मध्ये खांबाच्या ताकदीचे सूत्र मांडले. पाठ्यपुस्तकात ते एका ओळीत मिळते. ते कशावरून निघाले आणि कुठे लावू नये, हे समजायला मूळ लेख लागतो. आणि असले अंक निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या, यादीत सगळ्यात वर असतात!

जुने ते सोने असेही नाही. २०१९ मध्ये ब्राझीलच्या ब्रुमाडिन्योला खाणीचा गाळबांध, म्हणजे खनिज वेगळे केल्यावर उरलेला गाळ अडवणारा बांध, फुटला; पुढच्या वर्षी अशा बांधांसाठी जागतिक मानक आले. गाळबांधांवर त्याआधीचेच पुस्तक ठेवणे धोक्याचे.

म्हणून मागणी एवढीच : शीर्षके मोजू नका. निधीचा ठरावीक भाग नकाशे, अपघातांचे चौकशी अहवाल आणि जुने अंक मिळवून स्कॅन करायला राखून ठेवा. नियतकालिकांची वर्गणी थांबली तरी भरलेल्या वर्षांचे अंक वाचता येतील, असा करार करा. खाण बंद होताना अंतिम नकाशाची एक प्रत विद्यापीठाकडे यावी. निर्लेखन समितीवर खाणीत उतरलेला एक तरी माणूस असावा.

आणि नोंदवहीत किंमत नसलेल्या वस्तूंसाठी एक रकाना द्या.

आपला,
एक ग्रंथपाल