मनूस पत्र

अकोला, 28 मे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुला ऊन लागलं, साइटवरच चक्कर आली, दोन सलाइन लावाव्या लागल्या, हे मला बल्लारपूरच्या मावशीकडून कळलं. तेही चार दिवसांनी. मधे दोनदा फोनवर तू 'मी मस्त आहे' म्हणालीस. रागवायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय.

इथलं सांगते. दिवाळी अंकाची कथा अर्धी पडून आहे, त्यांना जूनअखेर हवी आहे. नवतपा लागल्यापासून दुपारचं लिहिणं होतच नाही. पंखा लावला की कागद उडतात, बंद केला की मनगटाचा घाम ओळींवर उतरतो. काल एक अख्खं पान निळं झालं. आता मनगटाखाली बाबांचा जुना रुमाल घेते, आणि कागदांवर तू वर्धेच्या पात्रातून आणलेला चपटा दगड. दोन वाजले की लाइट जाते. नळ पाचव्या दिवशी, तोही पहाटे साडेतीनला. गच्चीवर कुरडया वाळताहेत, त्यांच्यावर कबुतरं.

पाणी पितेस ना? तहान लागायची वाट बघायची नाही. ताकात मीठ घालून बाटली भरून ने, उपाशीपोटी साइटवर जाऊ नकोस, बारा ते चार सावलीतलं काम काढून घे. इंजिनिअर तू आहेस, कामाच्या वेळा मी काय ठरवणार! लिहून झालं, आता खोडत नाही. माफ कर.

आठ वर्षांची होतीस तेव्हा कूलरची टाकी भरायचं काम तुझं. तांब्यातांब्यानं भरायचीस, अर्धं पाणी फ्रॉकवर. पहिला पाऊस पडला आणि तू विचारलंस, आता कूलर गार हवा का देत नाही? बाबांनी तुझ्या हातावर ओलं फडकं फिरवलं आणि फुंकर मारली. म्हणाले, पाणी वाळताना गारवा देऊन जातं, हवा दमट झाली की ते वाळतच नाही. मग दिवसभर तू घरातल्या सगळ्यांचे हात ओले करून फुंकत फिरलीस. आजीचेसुद्धा, आणि तिनं करू दिलं!

मनू, घामाचंही तेच गं. तो वाळतो म्हणून अंग गार राहतं. ज्या दिवशी घाम थांबेल, अंग कोरडं तापेल, बोलणं असंबद्ध होईल, त्या दिवशी कुणाला तरी हाक मारायचीही शुद्ध राहत नाही. म्हणून बरोबरच्या बायांना हे आधीच सांगून ठेव. त्याही दिवसभर उन्हातच असतात.

पिवळ्या हेल्मेटमधला तुझा फोटो मी दूधवाल्यालाही दाखवला. म्हटलं, पूल बांधतेय माझी लेक. हेल्मेटखाली दुपट्टा नव्हता, ते तेव्हाच दिसलं होतं. बोलले नाही. बोलायला हवं होतं.

दोन पांढरे सुती दुपट्टे आणि वाळा पाठवतेय. वाळा माठात टाक. उत्तर सवडीनं लिही, पण डॉक्टरांनी बीपी किती सांगितलं, तेवढं आजच कळव. खरा आकडा.

तुझी,
आई