यादी छापा, पण काय शोधले तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘जगातील आघाडीच्या २ टक्के शास्त्रज्ञांत जिल्ह्यातील चार प्राध्यापक’ ही बातमी आपल्या जिल्हा पानावर छायाचित्रांसह वाचली. चौघांचे अभिनंदन. त्यांतला एक माझा विद्यार्थी, म्हणून आनंद जरा जास्तच. पण बातमी दोनदा वाचूनही एक गोष्ट कळली नाही. या चौघांनी शोधले काय? निबंध किती, त्यांचे उल्लेख किती, एच-इंडेक्स (निबंध आणि उल्लेख मिळून काढलेला आकडा) किती, सगळे आहे. शोधाबद्दल एक ओळ नाही.

ही यादी दरवर्षी येते आणि दरवर्षी अशीच छापली जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी ‘स्कोपस’ या माहितीसाठ्यावरून ती काढतात. एकाच्या निबंधाचा दुसऱ्यांनी किती वेळा उल्लेख केला, याचे ते गणित आहे. मुळात त्यांच्या दोन याद्या असतात, एक आख्ख्या कारकिर्दीची आणि एक फक्त त्या वर्षाची. आपल्या बातमीत कोणती होती, ते लिहिलेले नव्हते.

मी प्राणिशास्त्र शिकवण्यात ३१ वर्षे घालवली. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी गुणांची पद्धत आणली, तेव्हा आमच्या शिक्षककक्षात विज्ञानाच्या गप्पा बंद पडून गुणांच्या सुरू झाल्या. मीही दोन निबंध पैसे भरून छापून आणले. ते कोणी वाचले असतील असे वाटत नाही; मी स्वतःही पुन्हा वाचलेले नाहीत. तेव्हा मी कुणाला शहाणपण शिकवायला बसलेलो नाही. पण संशोधकाच्या कामाचा ठसा म्हणजे काय, हे ज्यांच्याकडे पाहून मला थोडेफार कळले त्या जीवशास्त्रज्ञ ओबैद सिद्दिकींचे नाव मराठी वर्तमानपत्रांत क्वचितच दिसते. त्यांच्या उमेदीची तीसेक वर्षे मुंबईत, कुलाब्याला गेली, तरीही.

सिद्दिकी मूळचे उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, जन्म १९३२. अलीगढला शिकले आणि दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत गव्हावर काम करू लागले. एक दिवस गारपीट झाली आणि प्रयोगाचे उभे पीक झोपले. आपल्याकडे द्राक्षवाल्याला विचारा, गारपिटीनंतर माणूस काय करतो. सिद्दिकींनी शेतच सोडले. ते ग्लासगोला ग्विडो पाँटेकोर्वो यांच्याकडे गेले आणि गव्हाऐवजी बुरशीच्या आनुवंशिकतेवर पीएच.डी. केली. तिथून अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन गॅरेन यांच्याबरोबर जीवाणूंवर काम.

तिथे जे सापडले ते मी वर्गात ‘ध चा मा’ने सांगत असे. ‘नारायणरावास धरावे’ या हुकमात एक अक्षर बदलले आणि ‘मारावे’ झाले. जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याचा हुकूम; त्यातही एक अक्षर बदलले की प्रथिनातला एक दुवा बदलू शकतो. पण समजा आनंदीबाईंनी अक्षर न बदलता मध्येच पूर्णविराम ठोकला असता, तर? ‘नारायणरावास.’ पुढे काही नाहीच. गारद्यांनी करायचे काय? १९६२ पूर्वी जनुकाच्या मजकुरात असा पूर्णविराम असतो, हे पक्के ठाऊक नव्हते. गॅरेन आणि सिद्दिकींकडे ई. कोलाय जीवाणूचे असे अनेक प्रकार होते, ज्यांत एकच जनुक निरनिराळ्या जागी बिघडलेले होते. त्यांतले काही, आणि तेवढेच, दुसऱ्याच एका जनुकातल्या एका बदलाने बऱ्यापैकी दुरुस्त होत. बिघाडाच्या जागा वेगवेगळ्या आणि औषध एकच, याचा अर्थ बिघाड एकाच जातीचा असला पाहिजे. प्रत्येक ठिकाणी मध्येच पडलेला पूर्णविराम! आणि ते दुसरे जनुक म्हणजे जणू असा कारकून, जो पूर्णविराम दिसला तरी थांबत नाही. तिथे प्रथिनात पदरचा एक दुवा घालून पुढे वाचत जातो. पुढच्या पाचेक वर्षांत हे थांबे कोणत्या तीन-तीन अक्षरांचे असतात, तेही इतरांनी आणि गॅरेन यांनी शोधले.

हे सगळे जीवाणूपुरते राहिले नाही. आपल्याकडच्या थॅलेसेमियाच्या काही मुलांत बीटा ग्लोबिनच्या, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका भागाच्या, जनुकात पंधराव्या शब्दावर (तीन अक्षरांचा एक शब्द) असाच थांबा आलेला असतो. रक्तपेढीच्या बाकावर मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईला त्या १९६२ च्या निबंधाशी काही देणेघेणे नसते. तो निबंध आज किती जण उद्धृत करतात, याच्याशी तर नाहीच. गोष्ट पाठ्यपुस्तकात गेली की तिचा संदर्भ द्यायचे लोक बंद करतात. डीएनए दुपेडी आहे असे लिहिताना वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध कोण देतो?

अमेरिकेत एवढे नाव होत असताना गडी १९६२ मध्ये परत आला. लिओ झिलार्ड यांनी, म्हणजे अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना ज्यांना प्रथम सुचली आणि जे पुढे जीवशास्त्राकडे वळले त्यांनी, होमी भाभांकडे शब्द टाकला. भाभांनी सिद्दिकींना कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा (जनुके, प्रथिने अशा रेणूंच्या अभ्यासाचा) विभाग उभा करायला बोलावले. गणिती आणि भौतिकीवाल्यांच्या त्या वास्तूत जीवाणूंच्या बशा घेऊन शिरणे सोपे नसणार. पुढे या मंडळींनी १९७० च्या दशकात महाबळेश्वरला जीवशास्त्राची चर्चासत्रे भरवायला सुरुवात केली. नंतर ठिकाणे बदलली, नाव ‘महाबळेश्वर’च राहिले. आपल्यापैकी कितीजणांना महाबळेश्वर म्हटल्यावर स्ट्रॉबेरीखेरीज हे आठवते?

मग चाळिशीत त्यांनी पुन्हा विषय बदलला. बुरशी, जीवाणू आणि आता ड्रॉसोफिला. आपण हिला फळमाशी लिहिता. ते चुकीचे नाही, पण आंबा-पेरूवाल्या शेतकऱ्याला फळमाशी म्हटले की फळात अंडी घालणारी वेगळीच माशी दिसते. ही पिकल्या केळ्यावर तरंगणारी चिलटे. आम्ही ती दुधाच्या बाटल्यांत रवा-गुळाच्या शिऱ्यावर वाढवायचो, तोंडाला कापसाचा बोळा. प्रयोगशाळेतला गडी म्हणायचा, ‘सर, माणसाला शिरा मिळंना अन् तुम्ही चिलटं पोसताय.’

अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत सीमोर बेन्झर यांच्याबरोबर सिद्दिकींनी तापमान वाढले की मूर्च्छा येणाऱ्या चिलटांवर काम केले. १९७६ च्या त्यांच्या निबंधातल्या एका वाणाचे नावच ‘कोमॅटोज’, म्हणजे बेशुद्ध. गारव्यात ठेवले की ही चिलटे सावकाश उठतात. १९९० च्या दशकात कळले की त्यांच्यात बिघडलेले जनुक एनएसएफ नावाच्या प्रथिनाचे आहे. पेशीतल्या सूक्ष्म पिशव्या योग्य जागी जोडून देणारी, एकमेकांत अडकलेली प्रथिने हे सोडवते, म्हणजे ती पुन्हा वापरता येतात. ते सुटले नाही तर मज्जातंतूचा निरोप पुढे जात नाही. याच प्रथिनापासून ज्यांनी पिशव्यांच्या वाहतुकीचा माग काढला, त्या जेम्स रॉथमन यांना २०१३ चे नोबेल विभागून मिळाले.

आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज. गोव्याच्या कुटुंबातली, नैरोबीत जन्मलेली, डब्लिनला शिकलेली ही मुलगी सिद्दिकींचा जीवाणूंवरचा निबंध वाचून त्यांना पत्र लिहिते आणि थेट कुलाब्याला येते. दोघांनी मिळून वास आणि चव नीट न कळणारी चिलटे शोधून काढली. कुणाला क्विनीनचा कडूपणा कळत नाही, कुणाला साखरेची ओढ नाही. माशीच्या नाकातले वास ओळखणारे रेणू सापडायला १९९९ साल उजाडले. या दोघांचा निबंध १९७८ चा, आणि तो छापला कुठे? भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये! आज बढतीच्या फॉर्ममध्ये असल्या देशी नियतकालिकाचे नाव लिहिले, तर समोरचा तज्ज्ञ चष्म्यावरून बघेल. व्हेरोनिकाबाई पुढे नावाजलेल्या मज्जाशास्त्रज्ञ झाल्या. २०१० मध्ये कर्करोगाने गेल्या.

सिद्दिकींनी बेंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे केले, म्हणजे साठीच्या आसपास पुन्हा पहिल्यापासून विटा रचल्या. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, पद्मविभूषण वगैरे मिळाले. माशीला वास लक्षात कसा राहतो, यावर ते ८१ व्या वर्षीही काम करत होते. जुलै २०१३ मध्ये रस्त्यावर दुचाकीची धडक बसली आणि त्यातच ते गेले. रॉथमन यांचे नोबेल त्याच ऑक्टोबरात जाहीर झाले.

मोजदाद करूच नये असे माझे म्हणणे नाही. पण तीनदा विषय बदलणारा माणूस दर वेळी मागचे उल्लेख मागे ठेवून निघतो, आणि पत्र लिहिणाऱ्या परक्या मुलीला प्रयोगशाळेत जागा देण्याचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो.

एवढीच विनंती की पुढच्या वर्षी यादी आली की प्रत्येक नावापुढे एक ओळ घाला, ‘यांनी अमुक शोधले’. आपल्या वार्ताहराने त्या सरांना फोन करून तेवढेच विचारावे. माझ्या विद्यार्थ्याला मी कालच विचारले. तो म्हणाला, ‘सर, सांगायला वेळ लागेल, घरीच येतो.’ रविवारी येणार आहे.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, मिरज