२ मार्चच्या बैठकीविषयी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा यासाठी झालेल्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ आपल्या अभ्यासमंडळाची मासिक बैठक यंदा २ मार्च रोजी सायंकाळी ५ वाजता पंचवटीत, मंदिराच्या पूर्व दरवाजाजवळ सुरू होईल. तेथून आपण चालत रामकुंडावर जाऊ व घाटाच्या पायऱ्यांवर चर्चेस बसू.

विषय आहे ‘स्वतःची घडण आणि सर्वांची मुक्ती’. १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला हा लढा पुढे काही वर्षे टिकला, तो दादासाहेब गायकवाडांच्या चिकाटीमुळे आणि मनातला धाक मोडून बंद दरवाजांसमोर तुकड्यातुकड्यांनी बसलेल्या साध्या माणसांमुळे. एकट्याचे धैर्य आणि सर्वांची सोबत वेगळी काढता येत नाही, असे मला मनापासून वाटते.

प्रत्येकाने अलीकडे स्वतःत केलेला एक बदल आणि दुसऱ्यासाठी उचललेली एक जबाबदारी वहीत लिहून आणावी.

• बोलण्याची पहिली संधी नव्या सभासदांना राहील. कोणाचेही बोलणे मध्येच तोडू नये.
• भगिनींनी लहान मुलांना अवश्य सोबत आणावे. चर्चा सुरू असताना मुलांना, विशेषतः पाण्याच्या कडेला, सांभाळण्याची पाळी पुरुष सभासदांची आहे.
• येणे शक्य नसल्यास आदल्या दिवशी चिटणीसांना कळवावे.